शांतताप्रिय असल्याचा पुरावा

“सही कर आणि घरी जा,” मी वर्षाला म्हणालो.

रायपूरच्या कलेक्टोरेटच्या व्हरांड्यात आम्ही उभे होतो. मुचलक्याचा टाइप केलेला कागद माझ्या फायलीवर होता आणि माझं पेन तिच्या हातात. आत एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी साहेबांकडे आमच्या नावाचा पुकारा कधीही होणार होता.

“नहीं करूँगी, काका.”

तिची आई शालूताई वॉकर धरून भिंतीला टेकल्या होत्या. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. बाकावर बसलं तर उठता येत नाही, म्हणून त्या उभ्याच होत्या.

“कर ना वो बाई सही. काहून अडून राहिली? वकीलसाहेब का तुह्या वाईटासाठी सांगून राहिले?”

“सही किया मतलब मान लिया कि मैं झगड़ालू हूँ. मैं नहीं मानती.”

आई मराठीत बोलणार आणि मुलगी हिंदीत उत्तर देणार, हे तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी घरांत नेहमीचंच. मला मात्र त्या दिवशी दोन भाषांतून एकच कटकट ऐकावी लागत होती, आणि माझा पारा चढत होता.

मुचलका म्हणजे लेखी हमी. अमुक काळ मी शांतता भंग करणार नाही, केली तर ठरलेली रक्कम सरकारजमा होईल, अशी. ज्या कलमाखाली ती मागितली जायची त्याला आम्ही वकील नुसतं ‘एकशे सात’ म्हणायचो. यात गुन्हा झालेलाच नसतो. ही माणसं उद्या एकमेकांची डोकी फोडतील असं पोलिसांना वाटतं, म्हणून ते आजच त्यांना दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात. पोलिसांच्या त्या अहवालाला आमच्याकडे इस्तगासा म्हणतात.

ठाण्याची रीत अशी की गल्लीत भांडण झालं, की चूक कुणाची याच्या खोलात कुणी जात नाही. दोन्ही पार्ट्यांवर एकशे सात लावून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. कोर्टाचीही रीत ठरलेली. दोन्ही पार्ट्या वकील करतात, मुचलक्यावर सही करतात आणि बाहेर येऊन एकाच टपरीवर चहा पितात. अशा ढीगभर सह्या मी लोकांकडून करवून घेतल्या होत्या. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

वर्षाचं बिघडणार होतं. राज्य तेव्हा अगदी नवं होतं. सरकारी इमारतींवरचं ‘मध्यप्रदेश’ पुसून ‘छत्तीसगढ’ रंगवून झालं होतं आणि आतल्या रिकाम्या खुर्च्यांसाठी भरती चालू होती. वर्षाची निवड मुलींच्या सरकारी वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून झाली होती. वडील रेल्वेत होते, ते गेल्यापासून दोघींचं घर पेन्शनीवर चालत होतं, त्यात आईचं हे ऑपरेशन. ही नोकरी म्हणजे त्या घराचा आधार होता. जॉइन व्हायला मुदत होती आणि त्याआधी पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचं होतं. म्हणजे तिचं चालचलन कसं आहे, हे तिच्याच भागातलं ठाणं लिहून देणार.

सही केली तर ठाणं लिहिणार, शांतता भंगाच्या प्रकरणात मुचलका भरलेला आहे. नाही केली तर लिहिणार, प्रकरण चालू आहे. त्यातल्या त्यात संपलेलं प्रकरण बरं, असा माझा हिशेब. आणखी एक गोष्ट होती. साहेबांनी तातडीचा मुचलका मागितला आणि माणसाने तो दिला नाही, तर त्याला जेलमध्ये पाठवता येत होतं. ही गोष्ट मी वर्षाला सांगितली होती. शालूताईंना सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

आता भांडण काय होतं ते सांगतो. यांच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक सामायिक बोळ आहे. बोळाच्या तोंडाशी बंसीभैयाचं टेंटहाउस. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, आमच्या भागात मंडप बंसीभैयाचाच. माणूस धंद्याला चोख. पण सीझन सुरू झाला की दुकानात मावत नाही ते सगळं बोळात येतं. मंडपाचे लोखंडी पाइप, कढया, भट्ट्या, गिलासांच्या टोपल्या. धडधाकट माणूस पाय उचलून पलीकडे जातो. वॉकरवाल्या बाईने काय करायचं?

त्या दिवशी शालूताईंना हॉस्पिटलमध्ये दाखवायचं होतं. ऑटो रस्त्यावर उभा होता. बोळ भरलेला. बंसीभैया साइटवर गेला होता आणि दुकानातला माणूस म्हणाला, भैया आल्याशिवाय मी हात लावणार नाही. मग वर्षाने ओढणी कमरेला बांधली आणि सगळं सामान स्वतः ओढून रस्त्याच्या कडेला, विजेच्या खांबापाशी नेऊन ठेवलं. तेवढ्यात बंसीभैया स्कूटरवरून आला. आपला माल भर रस्त्यावर बघून त्याचं टाळकं सरकलं. आरडाओरडा झाला, एक पाइप त्याच्या पायावर पडला, रक्त निघालं, गर्दी जमली, ट्रॅफिक अडलं आणि पोलीस आले. ऑटोवाला कधीच पळाला होता.

इस्तगाशात हवालदाराने लिहिलं, ‘अनावेदिका उग्र स्वभावाची असून तिने पाइप फेकून मारला.’ अनावेदिका म्हणजे जिच्याविरुद्ध प्रकरण आहे ती बाई.

“तू फेकलास का पाइप?” मी वर्षाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“नहीं. अपने आप गिरा.”

पस्तीस वर्षांच्या वकिलीत पाइप, काठ्या, विटा, सगळं आपोआपच पडत आलेलं मी ऐकलं होतं. मी मान डोलावली आणि जबाब टाइप करायला दिला.

या जबाबाचा पहिला परिच्छेद आमच्याकडे तयारच असतो. ‘यह कि अनावेदक शांतिप्रिय नागरिक है तथा कानून का सम्मान करता है.’ मराठीत शांतताप्रिय. आमच्या बार रूमबाहेरचा टाइपिस्ट ही ओळ न विचारता टाकतो. घरात चाकू घेऊन फिरणारा शांतिप्रिय, त्याच्या भीतीने माहेरी गेलेली बायको शांतिप्रिय, बायकोच्या बाजूने लाठ्या घेऊन आलेले तिचे भाऊ शांतिप्रिय. शब्दाचा अर्थ काय, असं कुणी विचारत नाही. वापर सगळ्यांना ठाऊक असतो. मला सोडा, एवढाच तो वापर.

पुकारा झाला. आम्ही आत गेलो. एसडीएम साहेब तरुण होते, बाहेरच्या राज्यातून आलेले आणि कमी बोलणारे. बंसीभैया पायाला पट्टी बांधून, आपल्या वकिलासोबत दुसऱ्या बाजूला उभा राहिला. त्याची फाइल वेगळी होती, पण साहेबांनी दोन्ही एकदमच उघडल्या.

साहेबांनी एक जबाब वाचला, मग दुसरा. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

“वकील साहब, दोनों पक्ष शांतिप्रिय हैं?”

“जी, सर.”

“दोनों का पहला पैरा शब्दशः एक है.”

“टाइपिस्ट एक है, सर.”

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.

“मेरे यहाँ जो आता है, शांतिप्रिय होता है. फिर पुलिस किसको पकड़ के ला रही है? आप बताइए, इस शब्द का मतलब क्या है?”

असा प्रश्न मला या कोर्टात कुणी विचारला नव्हता. “जो झगड़ा नहीं करता,” मी म्हणालो.

“झगड़ा तो हुआ है. ट्रैफ़िक रुका है.” ते वर्षाकडे वळले. “आप चिल्लाई थीं?”

मी डोळ्यांनी तिला नाही म्हणायला सांगत होतो. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

“चिल्लाई थी, सर. रास्ता बंद करेंगे तो आगे भी चिल्लाऊँगी.”

मी डोक्याला हात लावला नाही एवढंच. ज्या कोर्टात पुढे शांत राहण्याची हमी मागतात, तिथे या बाईने पुढे ओरडण्याची हमी दिली होती. बंसीभैयाचा वकील खुशीत आला. तो म्हणाला, माझा पक्षकार आत्ता सही करायला तयार आहे, कारण तो खरोखर शांतिप्रिय आहे. या बाईंनी नाही म्हणण्यातच त्यांचा स्वभाव दिसतो.

“आप साइन करेंगी?” साहेबांनी विचारलं.

“नहीं, सर.”

दाराशी उभ्या असलेल्या शालूताईंचा वॉकर खडखडला. मला खरोखर भीती वाटली. साहेबांनी नुसतं पेन उचललं असतं तर ती पोरगी संध्याकाळी जेलमध्ये असती आणि नोकरी कायमची गेली असती. मी घाईघाईने नोकरीचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं, चौकशी घ्या आणि लवकरची तारीख द्या अशी विनंती केली. चौकशी म्हणजे साक्षीदार बोलावून खरंखोटं बघणं. एकशे सातमध्ये ती भानगड सहसा कुणी करत नाही.

“ठीक है,” साहेब म्हणाले. “मुचलका आज नहीं ले रहा. आपने लिखा है शांतिप्रिय, तो अगली पेशी पर साबित कीजिए. और मैडम, तब तक एक भी शिकायत आई तो सीधे अंदर.”

बाहेर आल्यावर मी वर्षावर चिडलो. “कोर्टात खरं बोलायचं असतं हे मलाही माहीत आहे. पण विचारलं तेवढंच बोलावं ना! पुढचं कशाला?”

“आपने ही लिखा है कि मैं कानून का सम्मान करती हूँ,” ती म्हणाली.

शालूताई तर घरी पोचेपर्यंत बोलत होत्या. “मी जन्मभर कोणाले वर तोंड करून बोलली नाही. शांत राहिली. त्यानं का बिघडलं माहं?”

“बिघड़ा ना आई. बोळ भर गया,” वर्षा म्हणाली.

मी साक्षीदार शोधायला लागलो. काम सोपं वाटलं होतं, कारण वर्षाबद्दल वाईट बोलणारं कुणी नव्हतं. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांनी चहा पाजला.

“पोट्टी लाखात एक आहे, वकीलसाहेब. लहानपणापासून पाहून राहिलो ना मी तिले.”

“मग एवढंच कोर्टात येऊन सांगा.”

“तसं नाही जमत. नातवाचं लग्न आहे माह्या. मंडप बंसीचाच सांगितला आहे. ऐन टायमाले त्यानं हात वर केले तर मी वऱ्हाड कुठं बसवू?”

दुसऱ्या घरी मुंज होती. तिसऱ्या घरी काहीच नव्हतं, पण म्हणाले, माणसाचं काय सांगता येतं, घरात म्हातारी आहे, कधीही मंडप लागू शकतो. चौथ्या घरी मी गेलोच नाही. अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, बंसीभैयाच्या मंडपाखाली बसलेला होता. सगळे शांतताप्रिय, त्यामुळे कुणी यायला तयार नाही. मला त्या लोकांचा फार राग आला. मग वाटलं, माझ्याही पुतणीच्या लग्नाला मंडप त्याचाच होता.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, आधीच्या आठवड्यात बोळ पुन्हा भरला. बंसीभैयाच्या वकिलाने सुचवलं असेल की सीझनच होता म्हणून, देव जाणे. वर्षाचा फोन आला. आईचं ड्रेसिंग बदलायला हॉस्पिटलमध्ये जायचं होतं.

“हात लावू नकोस,” मी म्हणालो. “ओरडूही नकोस. मी येतो.”

मी पोचलो तेव्हा बोळाच्या या टोकाला दोन रिक्षावाले आणि वर्षा, तिघांनी मिळून शालूताईंना खुर्चीसकट उचललं होतं आणि पाइपांवरून पलीकडे आणत होते. शालूताईंनी डोळे घट्ट मिटले होते. बंसीभैया दुकानाच्या गल्ल्यावर बसून बघत होता आणि बघत नसल्यासारखं करत होता. वर्षा त्याच्यासमोरून गेली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती एक अक्षर बोलली नाही. मला तो प्रकार पाहवला नाही. अशाच गप्प बसण्याला आमच्या जबाबात शांतिप्रिय म्हणतात, आणि त्या क्षणी मला ती शिवी वाटली.

पेशीच्या दिवशी माझ्याकडे एकही साक्षीदार नव्हता. होता तो पोलिसांचा साक्षीदार, म्हणजे खुद्द बंसीभैया. त्याने आपलं सांगितलं. बाईने माझा माल रस्त्यावर टाकला, माझी इज्जत काढली, पाइप लागून पाय फुटला. मग माझी पाळी आली. समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारून त्याचं बोलणं तपासणं, याला उलटतपासणी म्हणतात. मी जोरात सुरुवात केली.

“गली आपकी है?”

“सबकी है, साहब.”

“फिर सामान क्यों रखते हैं?”

“सीजन में थोड़ा-बहुत रखना पड़ता है.”

“मतलब क़ानून आप तोड़ते हैं!”

साहेबांनी मला थांबवलं. “वकील साहब, ये ग़लत हैं, ये मैं समझ गया. इससे आपकी अनावेदिका शांतिप्रिय कैसे हो गई?”

ते बरोबर होते. समोरचा वाईट म्हणजे आपला चांगला, असं आम्ही वकील गृहीत धरून चालतो. कोर्टात ते बहुतेक वेळा खपूनही जातं. इथे खपलं नाही आणि माझे प्रश्न संपले.

उलटतपासणीचा एक नियम नव्या वकिलाला पहिल्या दिवशी शिकवतात. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही तो प्रश्न विचारू नका. मी तो विचारला. मनात एवढंच होतं की हा नुकसान फुगवून सांगेल, आणि मग पावत्या मागून त्याला खोटा पाडता येईल.

“उस दिन आपका क्या-क्या टूटा?”

“टूटा?” बंसीभैयाला तो प्रश्न लागला. धंद्याचा माणूस. आपला माल तुटतो असं भर कोर्टात म्हणवून घ्यायला तो तयार नव्हता. “हमारा माल ऐसे नहीं टूटता, साहब. एक नग नहीं टूटा.”

“कुछ भी नहीं?” मला विश्वास बसेना. “काँच के गिलास भी थे ना?”

“थे. टोकनी में थे. पैरा बिछा के रखे थे, कैसे टूटेंगे?”

पैरा म्हणजे भाताचा पेंढा. आमच्याकडे काचसामान त्यात घालून पाठवतात.

आता साहेब पुढे झुकले. “पैरा आपने बिछाया था?”

“नहीं साहब. गली में तो गिलास खुल्ले पड़े थे. हमारा आदमी आलसी है.”

“तो किसने बिछाया?”

बंसीभैयाने वर्षाकडे पाहिलं. त्याच्या वकिलाने घसा खाकरला. उशीर झाला होता.

“इसी ने बिछाया होगा. बोरा वहीं रखा था.”

“और पाइप? वो भी सड़क पर खुले पड़े थे?”

“नहीं. पाइप तो खंभे से बँधे थे. रस्सी से.”

“किसने बाँधे?”

“इसी ने. गोल पाइप है ना साहब, खुल्ला रखो तो लुढ़क के सड़क पे जाता है, किसी की गाड़ी के नीचे आ जाए तो आदमी मरे. बाँधना पड़ता है.” हे सांगताना त्याच्या आवाजात शिकवण्याचा सूर होता. मग म्हणाला, “गाँठ बरोबर लगाई थी. कस के.”

मला पुढचा प्रश्न सुचला होता, पण विचारायची गरज पडली नाही. साहेबांनीच विचारला.

“बँधा हुआ पाइप आपके पाँव पर कैसे गिरा?”

“हम खोल रहे थे, साहब.”

“आप?”

“हव. गुस्से में थे. एकदम से खींचा तो सरक के गिर गया.”

“तो इन्होंने फेंका नहीं?”

“हमने तो पुलिस को इतना कहा कि पाइप से लगी. फेंका तो लिखने वाले ने लिखा होगा.”

हवालदार दाराशी होता. तो छताकडे बघू लागला.

मी खाली बसलो. पाइप खरोखरच आपोआप पडला होता, आणि मी ती गोष्ट तिच्या तोंडून ऐकून घेऊन बाजूला टाकली होती. दोर आणि पेंढा यांच्याबद्दल तर तिने मला काहीच सांगितलं नव्हतं. नंतर मी तिला विचारलं, एवढी मोठी गोष्ट बोलली का नाहीस? ती म्हणाली, “आपने पूछा था कि मारा क्या, धक्का दिया क्या, गाली दी क्या. सँभाल के रखा क्या, ये पूछा कब?” तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्याचा माल आहे, तर नीट ठेवायचा, बस.

साहेबांनी वर्षाला एकच प्रश्न केला. “आप इनसे इतनी नाराज़ थीं, फिर गिलास में पैरा क्यों बिछाया?”

“गिलास से थोड़ी झगड़ा था, सर.”

यावर मात्र साहेब हसले. मग त्यांनी तिथेच स्टेनोला आदेश सांगितला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. जी व्यक्ती ऐन भांडणातसुद्धा समोरच्याचं सामान सुरक्षित ठेवते, तिच्याकडून शांतता भंग होईल असं मानायला काही आधार दिसत नाही. नोटीस रद्द, प्रकरण बंद. तिचं ओरडणंही त्यांनी आदेशात लिहिलं, लपवलं नाही. रस्ता मागण्यासाठी आवाज चढवणं म्हणजे शांतता भंग नव्हे, असं लिहिलं.

शालूताई दाराशीच रडायला लागल्या. आयुष्यभर वर तोंड करून न बोललेली ती बाई वॉकर सरकवत थेट बंसीभैयापुढे जाऊन उभी राहिली. “आता रस्ता देशील ना रे बाबू? मले दवाखान्यात जा लागते.” त्याने मान खाली घातली आणि हात जोडले. त्याच्या फाइलमध्ये त्याने मुचलका भरला. बोळ मोकळा ठेवीन, असं साहेबांनी त्यात लिहून घेतलं. सही करताना तो मला म्हणाला, “हमको कौन नौकरी करनी है, साहब.” पुढचं खरं सांगायचं तर बोळ पूर्ण मोकळा कधीच झाला नाही. पण भिंतीच्या कडेने वॉकर जाईल एवढी वाट राहू लागली, आणि गिलास दुकानात गेले.

व्हेरिफिकेशन बाकी होतं. आदेशाची नक्कल घेऊन मी स्वतः ठाण्यात गेलो, म्हटलं पुन्हा घोळ नको. इस्तगासा लिहिणारा हवालदारच टेबलावर बसला होता. मी नक्कल पुढे केली. त्याने ती वाचली नाही. फॉर्म ओढला, वर्षाचं नाव बघितलं आणि सराईतपणे लिहून टाकलं, ‘चालचलन अच्छा, शांतिप्रिय.’

“अहो, तुम्हीच तिला उग्र स्वभावाची लिहिलं होतं,” मी हिंदीत म्हणालो.

तो माझ्याकडे दयेने बघून म्हणाला, “वो इस्तगासा था, वकील साहब. ये तो व्हेरिफिकेशन है.”

वर्षा मुदतीच्या आत अभनपूरच्या पुढच्या एका वसतिगृहावर रुजू झाली. जाताना मला पेढे देऊन गेली आणि फी विचारली. मी घेतली. अर्धी घेतली.

टाइपिस्टला मी सांगितलं की माझ्या जबाबात तो परिच्छेद मला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. त्याला वाटलं, मी कामात चूक काढतोय, आणि तो दोन दिवस फुगून बसला. तेव्हापासून एकशे सातचा पक्षकार आला की मी त्याला एक जादा प्रश्न विचारतो. भांडणात तुम्ही समोरच्याचं काय सांभाळलंत? बहुतेक लोक गोंधळतात. काही जण विचारतात, तुम्ही वकील माझे की त्याचे? क्वचित एखादा आठवून काहीतरी सांगतो, आणि मग मी तो शब्द लिहितो, कारणासकट. बाकीच्यांच्या जबाबात तो नसतो. तो नसल्यामुळे माझी एकही केस आजवर बिघडलेली नाही.